मागून-पुढून दिसणारी मुव्हमेंट आणि मुद्दाम जुनी केलेली केस: जाणकारांचं खरं मत हवंय

अर्धाकाटा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, लिहायची ही पहिलीच वेळ, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

यांत्रिक घड्याळांचा नाद लागून मला सहा-सात वर्षं झाली. सुरुवात एका साध्या चावीच्या घड्याळाने, त्याला मागे काच होती, आतली यंत्रणा म्हणजे मुव्हमेंट दिसायची, आणि त्या काचेनेच मला धरलं म्हणा ना. हेअरस्प्रिंग, ती केसासारखी बारीक स्प्रिंग, उघडते मिटते, उघडते मिटते, पॅलेट फोर्कची माणकं चाकाचा एकेक दात सोडतात, आणि पुढे वळवून बघितलं की सेकंदकाटा त्याच तालावर चालतोय. ते बघायला मी दिवा लावून बसायचो, अजूनही बसतो.

आता आयुष्यात एकदाच घेईन असं एक घड्याळ घ्यायचं ठरवलंय आणि दोन घड्याळांत अडकलोय. पहिलं स्केलेटन आहे, डायल नाहीच, पुढून पार आरपार दिसतं आणि केस, म्हणजे बाहेरचं कवच, स्टीलची पण कारखान्यातूनच काळपट करून कडा घासून जुनी केलेली, झेनिथ कंपनीच्या टन-अप घड्याळाला असते ना एज्ड स्टीलची तशी. दुसरं ब्राँझ केसचं, डायल साधी, मागे सफायर काच. ते आज नव्या नाण्यासारखं पिवळंधमक आहे आणि पुढे काय रंग धरेल ते माझ्या हातावर अवलंबून.

मनात दोन गोष्टी अडकल्यात. एक म्हणजे कारखान्यात जुनी केलेली केस अनेक वर्षं घड्याळं गोळा करणाऱ्या लोकांना कशी वाटते, कारण माझ्या ओळखीत एक जण म्हणाला की ते खोटं म्हातारपण आहे आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. आणि दुसरी गोष्ट जी मला स्वतःलाच खटकते ती अशी की बाहेरून केस चाळीस वर्षं वापरल्यासारखी आणि आतले ब्रिज (चाकं धरून ठेवणारे धातूचे पूल) मात्र काल पॉलिश केल्यासारखे पांढरेशुभ्र, हे दोन वेगवेगळ्या घड्याळांचे तुकडे जोडल्यासारखं दिसत नाही का? का माझाच डोळा तयार नाही अजून?

निळास्क्रू:

अर्धाकाटा, तुझा डोळा अगदी बरोबर आहे, आणि जे खटकतंय त्याला कारण आहे, ते आधी सांगतो.

आजच्या बहुतेक स्विस मुव्हमेंटचे ब्रिज आणि प्लेट पितळेचे असतात आणि त्यावर बऱ्याचदा ऱ्होडियमचा मुलामा असतो. ऱ्होडियम काळं पडत नाही, हवेशी त्याचं काही होतच नाही म्हण. त्यामुळे केस कितीही रंग बदलो, आतला भाग तीस वर्षांनीही असाच पांढरा राहणार. ज्याला तू दोन घड्याळांचे तुकडे म्हणतोस तो फरक कधीच भरून निघणार नाही कारण एक धातू वय धरतो आणि दुसऱ्याला वय धरू न देण्यासाठीच तो मुलामा दिलाय.

पण वय धरणारी मुव्हमेंट नसते असं नाही. जर्मनीतल्या ग्लासह्युट्टे गावची घड्याळं बघ. आ. लांगे उंड झ्योने १९९४ मध्ये लांगे १ घेऊन परत उभी राहिली तेव्हापासून त्यांच्या प्लेट आणि ब्रिज जर्मन सिल्व्हरच्या असतात, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी अजिबात नाही. त्यावर मुलामा देत नाहीत. नवीन असताना तो धातू थोडा राखाडी-पांढरा असतो आणि वर्षं गेली की सावकाश मधासारखी पिवळसर छटा येते. त्याचा त्रास असा की उघड्या बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी ठसा उमटतो आणि तो सहज जात नाही, म्हणून कारागिराला पूर्ण वेळ जपून काम करावं लागतं, आणि ते लोक प्रत्येक मुव्हमेंट एकदा जोडून, चालवून, परत सगळी सुटी करून फिनिशिंग पूर्ण करून दुसऱ्यांदा जोडतात. मी दोन वेगवेगळ्या काळातल्या लांगे शेजारी शेजारी ठेवून बघितल्यात, एक नवी आणि एक सुरुवातीच्या वर्षांतली, आणि जुनीच्या थ्री-क्वार्टर प्लेटवरचा (मुव्हमेंटचा पाऊण भाग झाकणारी ती प्लेट) तो ऊबदार रंग बघून मी काही वेळ बोललोच नाही. काचेच्या आत, हात न लागता, नुसत्या वेळेने आलेला रंग!

अजून एक सांगतो, निळे स्क्रू. तो निळा रंग लावलेला नसतो (चांगल्या घड्याळात तरी नाही), पोलादाचा स्क्रू साधारण ३०० अंशापर्यंत तापवला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा इतका पातळ थर येतो की उजेडात तो निळा दिसतो. पिवळसर, तपकिरी, जांभळा आणि मग निळा, अशा क्रमाने रंग सरकतात आणि कारागिराला नेमक्या क्षणी उष्णता काढून घ्यावी लागते, दोन सेकंद उशीर झाला की निळा उडून फिकट राखाडी. तेव्हा धातूवर मुद्दाम ऑक्साइड आणणं हे घड्याळाच्या धंद्यात पहिल्यापासून आहे, त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

आता स्केलेटनबद्दल. नुसतं आरपार दिसतंय म्हणून भुलू नकोस. स्केलेटन दोन तऱ्हेचे असतात. एक, आधी असलेली मुव्हमेंट घेऊन तिचं जेवढं मांस काढता येईल तेवढं काढायचं, जुन्या काळी हे बारीक करवतीने आणि कानशीने हातानेच करत. दुसरी तऱ्हा म्हणजे पहिल्यापासून उघडी राहायची म्हणूनच आखलेली, उदाहरणार्थ कार्टियेने २००९ मध्ये सांतोस १०० स्केलेटन काढलं त्यात ब्रिजच रोमन आकड्यांच्या आकाराचे आहेत, म्हणजे आकडा हाच घड्याळाचा सांगाडा. मला ती कल्पना फार सुंदर वाटते कारण तिथे कापलेला प्रत्येक भाग काहीतरी काम करतो, उगीच जाळी नाही.

बघायला जाशील तेव्हा दहा पट भिंग घेऊन जा आणि ब्रिजच्या कडांचे आतले कोपरे बघ. कडेला ४५ अंशाचा उतार देऊन तो चमकवतात त्याला आंग्लाज म्हणतात. बाहेरची वळणं मशीन करू शकतं. पण जिथे दोन उतार आत वळून एकमेकांना टोकदार भेटतात तो कोपरा फिरणाऱ्या कटरने होत नाही कारण कटर गोल आहे, तो गोलाईच सोडणार. तिथे माणूस बसतो, कानस घेतो, आणि शेवटी लाकडाच्या काडीने पॉलिश करतो. स्वित्झर्लंडच्या व्हाले द जू भागात त्यासाठी जेन्शनच्या झाडाची वाळलेली काडी वापरतात. स्केलेटनमध्ये असे कोपरे डझनांनी असतात, म्हणून चांगल्या स्केलेटनला इतका वेळ लागतो. तुझ्या घड्याळात सगळे कोपरे गोल निघाले तर ते वाईट घड्याळ असं मी म्हणणार नाही, पण मग हाताच्या कामाचा मान त्याला देऊ नकोस.

कळक:

निळास्क्रूने आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो, कारण ब्राँझचं घड्याळ मी गेली नऊ वर्षं जवळजवळ रोज वापरतोय.

ब्राँझ केस ही काही कालची फॅशन नाही. जेराल्ड जेंटाने, ज्याने १९७२ चं रॉयल ओक आखलं त्यानेच, १९८८ मध्ये गेफिका नावाचं ब्राँझचं घड्याळ काढलं होतं. मग २०११ मध्ये पानेराईने पाम ३८२ काढलं, फक्त १००० नग, आणि तिथून सगळ्यांना ब्राँझचं वेड लागलं. त्यात ब्राँझ केस पण मागचं झाकण टायटॅनियमचं आणि त्यात सफायर काच, म्हणजे तू म्हणतोस तसंच, जुनं होणारं अंग आणि मागून दिसणारी मुव्हमेंट. झाकण टायटॅनियमचं देण्याचं कारण दिखाऊ नाही, घामाने ब्राँझ कळकतं आणि कातडीवर हिरवा डाग पडतो, म्हणून जो भाग सतत हाताला टेकतो तो वेगळ्या धातूचा करतात.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचार, ब्राँझ कोणतं. तांबं आणि कथील असलेलं असेल (पानेराईचं ते ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील) तर ते पटापट तपकिरी होतं, समुद्राचं पाणी लागलं तर सांध्यांत हिरवं धरतं. ॲल्युमिनियम ब्राँझ असेल, ट्यूडरने २०१६ च्या ब्लॅक बे ब्राँझला वापरलं तसं, तर पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर येऊन तो आतल्या धातूला सांभाळतो, त्यामुळे रंग हळू आणि सारखा चढतो. दोन्ही चांगले, पण दोघांचं वागणं पूर्ण वेगळं, आणि लोक हे न विचारता घेतात आणि मग सहा महिन्यांनी हिरमुसतात.

माझं पहिल्या आठवड्यात नुसतं निस्तेज झालं. महिन्याभरात मधाच्या रंगाचं. मग एक उन्हाळा गेला आणि क्राउनच्या (चावी द्यायच्या बोंडाच्या) बाजूचा लग, म्हणजे पट्टा अडकवायचा कान, जिथे माझं मनगट वाकताना घासतं, तो उजळ राहिला आणि डावीकडची बाजू पार चॉकलेटी झाली. बकल जिथे टेबलाला घासतं तिथे सोनेरी, मधे काळपट. म्हणजे मी कसा बसतो, कुठल्या हाताने लिहितो ते सगळं त्या केसवर उमटलंय. माझ्या भावाकडे अगदी तेच मॉडेल आहे, एकाच वर्षी घेतलेलं, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर कुणाला पटत नाही की एकच घड्याळ आहे.

काही लोक उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद करून ठेवतात, अंड्यातला गंधक काम करतो आणि एका रात्रीत केस काळी. मी एकदा केलं होतं, पहिल्याच वर्षी, धीर नव्हता म्हणून. रंग आला पण सगळीकडे सारखा, माझा हात त्यात कुठेच नव्हता. दोन दिवस घातलं आणि मग लिंबाच्या रसाने पुसून परत नवं केलं, आणि ठरवलं की आता याला हात लावायचा नाही. तेव्हा अर्धाकाटा, कारखान्यातून जुनं करून आलेल्या केसबद्दल माझं मत याच्यावरूनच समजून घे.

पहाटगजर:

इथे मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी मुद्दाम जुनी केलेली स्टीलची केस वापरतो आणि मनापासून वापरतो. ती कशी करतात तेही सांगतो म्हणजे खोटं-खोटं म्हणणाऱ्यांना कळेल की त्यातही काम आहे. एक पद्धत अशी की स्टीलवर आधी काळं कठीण कोटिंग देतात आणि मग दगडाच्या बारीक खड्यांबरोबर ड्रममध्ये फिरवतात. कडांवरचं कोटिंग घासलं जातं, सपाट भागावर राहतं, आणि तो राखाडी मखमली रंग येतो. दुसरीकडे हातानेही कडा उजळवतात. हे करताना आकार बिघडू द्यायचा नाही, लगच्या कडा बोथट होऊ द्यायच्या नाहीत, हे सोपं नाहीये.

आणि मी ते का घेतलं? माझ्याकडे आधी एक आरशासारखी पॉलिश केलेली केस होती. पहिल्या महिन्यात दाराच्या कडीला घासली, एक केसाएवढा ओरखडा. त्यानंतर मी ते घड्याळ घालायचंच बंद केलं. कपाटात ठेवायचो, आठवड्यातून एकदा काढून पुसायचो आणि तो ओरखडा बघून परत ठेवायचो. स्वयंचलित घड्याळ ते, हातावर नसलं की दोन दिवसांत बंद पडायचं, आणि बंद पडलेलं बघून अजूनच वाईट वाटायचं. एज्ड केस आल्यावर मी घड्याळ घालायला लागलो, डोंगर चढलो, पावसात गेलो, आणि आता त्या कारखान्याच्या ओरखड्यांत माझे ओरखडे मिसळलेत. कुठला कुणाचा मलाही सांगता येत नाही. ज्या गोष्टीने मला घड्याळ वापरायला शिकवलं तिला मी खोटं म्हणू शकत नाही.

हां, पण ल्यूमच्या (अंधारात चमकणाऱ्या रंगाच्या) बाबतीत मलाही पटत नाही. नव्या घड्याळाला पिवळट-तपकिरी ल्यूम लावायचं म्हणजे जुन्या रेडियमसारखं दिसावं, ते मला नको वाटतं.

गोलकडा:

पहाटगजर, ल्यूमचं बोललात म्हणून लिहितो. जुनी घड्याळं उघडायची हौस असलेल्यांनी हे जरूर वाचा. साधारण १९६० च्या दशकापर्यंत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम असायचं. ते आता चमकत नाही म्हणून लोकांना वाटतं संपलं. संपलेलं नाही. चमकणारं द्रव्य मेलंय, रेडियमचं अर्धं आयुष्य १६०० वर्षांचं आहे. घरी झाकण उघडून तो भुगा श्वासात जाऊ देऊ नका. नंतर ट्रिटियम आलं, त्याचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं, म्हणून नव्वदीच्या दशकातल्या घड्याळांचं ल्यूम आज जेमतेम दिसतं आणि सायीच्या रंगाचं झालंय. तो रंग मला फार आवडतो, पण तो त्या द्रव्याने स्वतः कमावलेला आहे.

मूळ प्रश्नाकडे येतो. मी जुनी क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली घड्याळं) गोळा करतो आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉलिश. माझ्याकडे साठच्या दशकातलं एक होतं, चावीचं, लगवर तिरका कापलेला चेंफर इतका धारदार की नखाला लागायचा. केसवर ओरखडे भरपूर होते, पण प्रत्येक कड जागेवर. सर्व्हिसिंगला दिलं, तेल बदलून हवं होतं, बास. पॉलिश करू नका असं लिहून द्यायचं राहिलं माझ्याकडून. परत आलं तेव्हा काकडीसारखं चकचकीत. चेंफर गेला. लगच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल. स्क्रूच्या भोकांभोवतीचा धातू एका बाजूला जास्त खाल्ला गेलेला, त्यामुळे दोन लग समोरून बघितलं तर एक बारीक दिसतो. त्यांनी चांगल्या मनाने केलं असेल, अजूनही अनेकांना नवं दिसणं म्हणजेच दुरुस्ती असं वाटतं. पण काढलेला धातू परत येत नाही. लेझर वेल्डिंगने भर घालून कडा परत काढणारे लोक आहेत, मी चौकशीही केली, पण मग ती कड मूळची राहत नाही.

त्या दिवसापासून मी ओरखड्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. ओरखड्यात धातू फक्त बाजूला सरकलेला असतो, पॉलिशमध्ये तो कायमचा जातो. म्हणून अर्धाकाटा, तू कुठलंही घे, पण त्या एज्ड केसची एक अडचण आधीच समजून घे. तिच्यावर खरा खोल घाव बसला तर ती परत तशी करून देणं कारखान्याशिवाय कुणाला जमणार नाही. साधी ब्रश केलेली किंवा ब्राँझची केस तशी नसते.

अर्धाकाटा:

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच भरून आलं. काल दोन्ही घड्याळं परत जाऊन बघितली, या वेळी भिंग घेऊन, आणि दीड तास बसलो.

स्केलेटनचे आतले कोपरे मोजले. अकरा मोजले, त्यातले नऊ गोल. दोन टोकदार होते, दोन्ही बॅरलच्या (मुख्य स्प्रिंगच्या डबीच्या) ब्रिजवर, पुढून सगळ्यात आधी नजर जाते तिथे. ते दोन खरोखर सुंदर आहेत, उजेड फिरवला की एक बाजू काळी होते आणि दुसरी पेटते. पण बाकीचे नऊ बघितल्यावर मला असं वाटलं की मी जे आरपार बघून हरखलो होतो ते काम नव्हतं, मोकळी जागा होती. आणि अजून एक, साध्या उजेडात मला वेळ वाचायला दोन-तीन सेकंद लागले, काटे चाकांत हरवत होते.

ब्राँझचं उलटं करून बघितलं. मुव्हमेंट साधीच आहे, ऱ्होडियमवाली, पट्ट्यांचं काम मशीनचं. पण बॅलन्स, ते डोलणारं चाक, मोकळा दिसतो, ताशी २८८००, म्हणजे सेकंदाला आठ ठोके, आणि मी परत माझ्या पहिल्या घड्याळाच्या काचेपाशी जाऊन बसल्यासारखा बसलो. कळक, तुमचं विचारलं, ॲल्युमिनियम ब्राँझ आहे म्हणाले.

पहाटगजर, तुमचं कपाटातलं घड्याळ मात्र मनाला लागलं. माझ्याकडेही एक तसं आहे.

शेवटची शंका, मागे काच असली की चुंबकाचा त्रास जास्त होतो असं कुठेतरी वाचलंय, खरं का?

निळास्क्रू:

काचेने चुंबक अडत नाही इतकंच खरं. जुन्या अँटीमॅग्नेटिक घड्याळांत, १९५६ चं रोलेक्स मिलगॉस वगैरे, मुव्हमेंटभोवती मऊ लोखंडाची डबी असायची, ती चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वळवून न्यायची, आणि डबी म्हटलं की मागून काच देता येत नाही. नंतर सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आणि चुंबक न धरणारे इतर भाग आले आणि ती अट गेली, ओमेगाने २०१३ मध्ये १५००० गॉस (चुंबकीय क्षेत्राचं माप) सहन करणारं घड्याळ मागे काच देऊन काढलं. तुझ्यात सिलिकॉन नसेल तरी घाबरू नकोस. फोनच्या चुंबकवाल्या कव्हरवर आणि स्पीकरवर ठेवू नकोस एवढंच. एके दिवशी अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर समज की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतायत, डीमॅग्नेटाइज करून घेतलं की क्षणात ठीक होतं.

नऊ गोल, दोन टोकदार, हे मोजलंस ते फार आवडलं मला. मी पहिल्यांदा भिंग घेतलं तेव्हा काय बघायचं तेच माहीत नव्हतं.

पहाटगजर:

अर्धाकाटा, ते कपाटातलं आज काढून चावी दे. ब्राँझ येईल तेव्हा येईल.

कळक:

ॲल्युमिनियम ब्राँझ असेल तर पहिले दोन-तीन महिने काहीच होत नाहीये असं वाटेल, धीर धर, अंड्याच्या नादी लागू नकोस. दिवसाअखेर कोरड्या मऊ फडक्याने पुसत जा, खाऱ्या पाण्यात गेलास तर साध्या पाण्याने धुऊन घे, बाकी काही करायचं नाही.

आणि हातात आल्याबरोबर, घालायच्या आधी, खिडकीपाशी ठेवून चारी बाजूंचे फोटो काढ, एक क्राउनच्या बाजूच्या लगचा अगदी जवळून. मी ते केलं नाही. नऊ वर्षं झाली, आज कुणी विचारलं की नवीन असताना कसं दिसायचं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही.

अर्धाकाटा:

चावी दिली. अकरा महिने बंद होतं, तिसऱ्या वेढ्याला चालायला लागलं. ब्राँझवालं शनिवारी आणतोय, फोटो आधी काढीन आणि इथेच टाकीन.